अणुकचऱ्याची काच आणि गरम पाणी: ९० अंशांचा आकडा वाचायचा कसा?

वाळूघड्याळ (धागाकर्ती)

उच्च पातळीचा किरणोत्सारी कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यात ओततात, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अणुऊर्जेच्या मागच्या धाग्यावर यावरूनच जुंपली होती. एक गट म्हणत होता, काच हजारो वर्षं टिकते, विषय संपला. दुसऱ्या गटाने एका अहवालातला ९० अंश सेल्सियसच्या पाण्यातला झिजेचा आकडा घेतला, त्याला दहा हजार वर्षांनी गुणलं आणि डब्यातली सगळी काच संपवून टाकली. पाणी किती होतं, आणि ते बदलत होतं की साचलेलं होतं, हे मात्र कोणीच विचारलं नाही. माझ्या मते सगळा विषय या दोन प्रश्नांत आहे, म्हणून हा वेगळा धागा.

मी याच चाचण्या करते. आमच्याकडची काच किरणोत्सारी नसते, सिझियम, स्ट्रॉन्शियम वगैरेंचे स्थिर समस्थानिक घालून केलेली असते. रसायनशास्त्र तेच राहतं.

कचऱ्यासाठी वापरतात ती काच बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉन मिसळलेली. गरम पाणी या काचेला लागलं की पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम, लिथियम बाहेर पडतात. त्याच वेळी पाणी काचेच्या सांगाड्यावरही चालून जातं, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हे बंध एकेक करून तुटतात. बोरॉनचे बंध त्याहून सहज सुटतात. पाणी ताजं असेल, सतत बदलत असेल, तर हे कमाल वेगाने चालतं. फ्रान्समधल्या आर७टी७ या काचेसाठी ९० अंशांच्या आसपास हा कमाल वेग दर चौरस मीटरला दिवसाला साधारण १ ग्रॅम आहे. काचेची घनता धरली तर वर्षाला सुमारे ०.१३ मिलिमीटर. दहा हजार वर्षांनी गुणा, १.३ मीटर येतात. फ्रान्सचा डबा साधारण तेवढाच उंच असतो. मागच्या धाग्यावरचा हिशेब हाच होता.

आता तीच काच, तेच तापमान, तेच शुद्ध पाणी, फक्त झाकण लावून तसंच ठेवा. पाण्यात सिलिका साठत जाते, वेग उतरायला लागतो. काचेच्या पृष्ठभागावर सच्छिद्र, पाणी धरलेल्या सिलिकेचा एक थर तयार होतो, त्याला आम्ही जेल म्हणतो. झिर्कोनियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, बरीचशी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं या जेलमध्येच अडकून राहतात. काही महिन्यांनी उरलेला वेग मोजला तर तो दर चौरस मीटरला दिवसाला ०.०००१ ग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे दहा हजार पट कमी. मघाचा १.३ मीटरचा हिशेब ०.१३ मिलिमीटरवर येतो.

काच टिकते त्यात तिच्या मूळच्या कणखरपणाचा वाटा थोडा आहे. ती स्वतःभोवती जे पाणी आणि जी साल तयार करते, त्याचा वाटा फार मोठा आहे. तेव्हा ते पाणी आणि ती साल कशाने बिघडू शकते, यावर इथे बोलावं असं मला वाटतं.

नीलिमा_व

फार उपयोगी धागा. एक मूलभूत शंका. पाण्यात मीठ घालत गेलं की शेवटी आणखी मीठ विरघळत नाही. काचेचंही तसंच होतं का? तसं असेल तर वेग शून्यावर यायला हवा, ०.०००१ वर का अडतो?

वाळूघड्याळ

नीलिमाताई, मिठाचं उदाहरण अर्ध्या वाटेपर्यंत चालतं. मिठाचा खडा आणि त्याचं संपृक्त पाणी यांच्यात समतोल असतो. खडा थोडा विरघळतो, तेवढंच मीठ परत त्यावर बसतं. काचेला असा समतोल नाही, कारण ऊर्जेच्या दृष्टीने ती मुळात अस्थिर आहे. पाण्यातून पुन्हा काच कधीच घडत नाही. सिलिकेपुरतं पाणी भरतं आणि सांगाडा तुटण्याचा जोर कमी होतो, एवढंच. बोरॉन आणि सोडियम जेलच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर झिरपतच राहतात. शिवाय पाण्यातली थोडी सिलिका मातीसारख्या, पापुद्र्याच्या खनिजांत बसत जाते, तेवढी भरपाई काच करत राहते. म्हणून वेग शून्य होत नाही.

आम्ही झीज मोजतो ती पाण्यातल्या बोरॉनवरून. बोरॉन जेलमध्ये थांबत नाही, नव्या खनिजांतही फारसा बसत नाही. पाण्यात जेवढा बोरॉन सापडला तेवढी काच बदलली, असा सरळ हिशेब. तुकड्याचं वजन करून झीज काढली तर फसगत होते. काचेतून घटक गेलेले असतात, पण जेलने पाणी धरलेलं असतं, त्यामुळे वजन जवळजवळ तेवढंच भरतं.

गुळगुळीत_दगड

वाचतोय. चाचणी प्रत्यक्षात कशी करता ते सविस्तर लिहाल का?

वाळूघड्याळ

दोन पद्धती जास्त चालतात. पहिलीत काचेची चकती कापून आरशासारखी घासून घेतात, टेफ्लॉनच्या भांड्यात मोजक्या पाण्यात टांगतात आणि भांडं ९० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. दुसरीत काच कुटून ७५ ते १५० मायक्रोमीटरचा चुरा चाळून घेतात, आणि १ ग्रॅम चुऱ्याला १० मिलिलिटर पाणी घालून ९० अंशांवर सात दिवस ठेवतात. चुरा धुण्यात सगळं कसब आहे. दाण्यांना चिकटलेली पीठासारखी धूळ राहिली तर पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि बोरॉनचा आकडा फुगतो. प्रत्येक खेपेला एक भांडं नुसत्या पाण्याचं, बिनकाचेचं ठेवायचंच, नाहीतर भांड्यातून आलेला बोरॉन काचेच्या नावावर पडतो.

चकती बाहेर काढली की उजेडात तिरपी धरून बघावी. आरशासारखा पृष्ठभाग गेलेला असतो. त्या जागी पाण्यावरच्या तेलासारखी निळसर, जांभळी झाक येते, कारण जेलचा थर प्रकाशाच्या लहरींच्या जाडीचा असतो. जास्त मुरलेली चकती पांढुरकी, दुधाळ दिसते. तिचा छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खाली एकसंध काच, वर काही मायक्रोमीटरचं जेल, आणि जेलच्या माथ्यावर सुरकुतलेली मातीची खनिजं. जेलमध्ये उभ्या भेगाही दिसतात, पण त्या बहुतेक वेळा नमुना वाळवताना पडलेल्या असतात. पाण्यात असताना त्या नव्हत्या. छायाचित्र बघून "थर फुटलेला आहे, संरक्षण कसलं करणार" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

साक्षेपी

सगळं मान्य, पण काचेला विरोध उगाच झालेला नाही. १९७८ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या गटाने अशी काच ३०० अंश सेल्सियस आणि ३०० बार दाबाच्या पाण्यात ठेवली होती. काही आठवड्यांतच तिची दाणादाण उडाली, काच उरलीच नाही, वेगवेगळे स्फटिक मिळाले. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात टेड रिंगवुड यांनी काचेऐवजी कृत्रिम खडक, सिनरॉक, पुढे आणला. निसर्गात जी खनिजं युरेनियम आणि थोरियम कोट्यवधी वर्षं धरून बसली आहेत, तीच आपण बनवावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते आजही जास्त पटतं. काच निवडली ती बनवायला सोपी म्हणून. ती सर्वात टिकाऊ होती म्हणून निवडलेली नाही.

वाळूघड्याळ

साक्षेपी, तो प्रयोग महत्त्वाचाच होता. त्याने एक गोष्ट कायमची ठरवली: ताज्या, तापलेल्या काचेला पाणी लागू द्यायचं नाही. मात्र ३०० अंशांना काच स्फटिकांत बदलायला जो अडथळा ओलांडावा लागतो तो सहज ओलांडला जातो, ९० ला तो फार चढा असतो. म्हणून ३०० चा निकाल खाली खेचून ९० ला लावता येत नाही.

आणि हो, बनवायला सोपी हे खरं कारण आहे. पण ते कमी प्रतीचं कारण आहे असं मी मानत नाही. कचऱ्यात पंचवीस-तीस मूलद्रव्यं असतात आणि प्रत्येक खेपेला प्रमाण बदलतं. ठरावीक खनिजाच्या जाळ्यात ठरावीक आकाराचेच अणू बसतात. काच मात्र हा चढउतार पोटात घेते. हजारो डबे, भिंतीपलीकडून यंत्राच्या हातांनी, एकसारख्या दर्जाचे भरायचे असतात, तिथे हा गुण फार मोठा आहे. फ्रान्समधल्या मार्कूलला १९७८ पासून हे औद्योगिक प्रमाणावर चालू झालं.

त्यालाही मर्यादा आहेत. सल्फेट बोरोसिलिकेट काचेत नीट विरघळत नाही, वर पिवळट थर होऊन तरंगतं, आणि तो थर पाण्यात चटकन विरघळतो. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट जास्त, म्हणून तिथे बेरियम घातलेली बोरोसिलिकेट काच तयार करावी लागली.

पूर्वरंग

पुरातत्त्वाच्या बाजूने एक भर घालतो. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, एम्बिए बेटापाशी बुडालेल्या रोमन जहाजात कच्च्या काचेचे मोठे ढेकळासारखे तुकडे सापडले. सुमारे १८०० वर्षं समुद्राच्या पाण्यात. हे तुकडे बनवताना थंड होतानाच तडकलेले होते, आणि अणुकचऱ्याची काचही डब्यात थंड होताना अशीच तडकते, म्हणून संशोधकांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. बाहेरचा, समुद्राला थेट लागणारा भाग बराच झिजलेला. आतल्या अरुंद भेगांच्या भिंती मात्र त्या मानाने फारच कमी बदललेल्या, आणि कित्येक भेगा झिजेतून आलेल्या पदार्थांनीच बुजलेल्या. भेगांमुळे पृष्ठभाग वाढतो म्हणून झीज त्याच पटीत वाढेल, हा अंदाज तिथे खोटा ठरतो. धाग्यातला साचलेल्या पाण्याचा मुद्दा १८०० वर्षांच्या प्रमाणावर पाहायला मिळतो.

याच्या उलट मध्ययुगीन चर्चच्या खिडक्या. ती काच लाकडाच्या राखेपासून केलेली, पोटॅशियम भरपूर, सिलिका कमी. पावसाने सतत धुतली गेली आणि काही शतकांतच खड्डे पडून अपारदर्शक झाली. रोमन सोडियमची काच तिच्याहून कितीतरी जुनी असून चांगली राहिली. "काच" या एका शब्दाखाली किती वेगवेगळे पदार्थ येतात, हे यावरून कळावं.

खडकवेडा

+१. माझ्याकडून ज्वालामुखीची काच. बेसाल्टचा लाव्हा पाण्यात पडला की झटकन गोठून काच होतो. तिच्यात सिलिका ४५ ते ५० टक्के, अणुकचऱ्याच्या काचेच्या जवळपास. ती पाण्याने बदलली की पिवळट-तपकिरी पॅलागोनाइट होतो, तोच तुमच्या जेलचा भाऊबंद. दशलक्ष वर्षांहून जुन्या बेसाल्टी काचा समुद्रतळावर आजही सापडतात, सालीखाली आत काळी, चकचकीत काच शाबूत.

पण आम्हा भूशास्त्रवाल्यांना दुसरं टोकही दिसतं. जिथे गरम पाणी खेळलं आणि ते आम्लारिधर्मी झालं, तिथे काच नाहीशी होऊन तिच्या जागी झिओलाइट ही सच्छिद्र, स्फटिकी खनिजं भरलेली असतात. तुमच्या ९० अंशांच्या भांड्यात झिओलाइट उगवतात का? उगवले तर पुढे काय होतं?

वाळूघड्याळ

खडकवेडा, मला सर्वात जास्त काळजी याच प्रश्नाची आहे.

हो, उगवतात. काही काचांच्या बाबतीत, पीएच साडेदहाच्या आसपास किंवा वर गेला की, महिनोन्‌महिने जवळजवळ थांबलेली झीज अचानक पुन्हा वेग घेते. आलेखावर बोरॉनची रेघ आडवी चाललेली असते आणि एकदम वर वळते. याला तिसरा टप्पा किंवा झिजेचं पुनरुज्जीवन म्हणतात. कारण झिओलाइटच. त्यांना वाढायला सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही लागतात. ते पाण्यातून उचलले की पाणी उपाशी होतं, जेल विरघळू लागतं, विशेषतः त्याचा अ‍ॅल्युमिनियम जातो, आणि साल कमकुवत होते.

अडचण आहे ती सुरुवातीच्या वाट पाहण्याच्या काळाची. पहिला झिओलाइट स्फटिक केव्हा जन्माला येईल हे आज नेमकं वर्तवता येत नाही. म्हणून काही प्रयोगांत झिओलाइटचे कण मुद्दाम बी म्हणून टाकतात. पीएच पुरेसा वर असेल तर वाट पाहण्याचा काळ जवळजवळ नाहीसा होतो आणि झीज लगेच उसळते. पीएच खाली असेल तर बी पडूनही फारसं काही घडत नाही. तापमान उतरलं की वाढही मंदावते. दिलासा देणारी एक गोष्ट काचेतच आहे: तिच्यातून निघणारं बोरिक आम्ल पीएचला फार वर चढू देत नाही, बंद भांड्यात तो बहुधा ९ ते १० च्या दरम्यान थांबतो. डबे कायमचे पुरायच्या जमिनीखालच्या भांडारात सिमेंट जवळ असेल तर मात्र हे गणित बदलतं. सिमेंटचं पाणी १२-१३ पीएचचं असतं. म्हणून उच्च पातळीच्या काचेजवळ सिमेंटचं काय करायचं हा आराखड्यातला गंभीर प्रश्न आहे, आणि तो तसाच घ्यायला हवा.

साक्षेपी

हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. आता लोखंडाबद्दलही लिहा. भांडारात काच पोलादात आणि पोलाद मातीत. भांड्यातल्या शुद्ध पाण्याची चाचणी तिथे कितपत लागू पडते?

वाळूघड्याळ

जशीच्या तशी लागू पडत नाही. पोलाद गंजतं, लोखंड पाण्यातल्या सिलिकेला धरून लोह-सिलिकेट तयार करतं, आणि पाणी पुन्हा भुकेलं होतं. लोखंड काचेच्या जितकं जवळ तितकी झीज जास्त. मॅग्नेशियमचंही तसंच आहे. मातीच्या पाण्यात ते असलं की मॅग्नेशियम-सिलिकेट तयार होतं आणि ते संपेपर्यंत वेग चढा राहतो. ब्रिटनच्या मॅग्नॉक्स अणुभट्ट्यांच्या कचऱ्यात तर मॅग्नेशियम काचेच्या आतच आहे, त्यामुळे ती काच फ्रान्सच्या काचेपेक्षा जास्त झिजते. आकडे उसने घेताना कोणत्या देशाची, कोणत्या कचऱ्याची काच, हे आधी पाहावं ते यासाठी.

अभ्रक

मी पृष्ठभाग-विज्ञानात काम करतो. एका गोष्टीवर हरकत. जेल "साल" बनून संरक्षण करतं हे तुम्ही सिद्ध असल्यासारखं मांडलंत, पण यंत्रणेबद्दल क्षेत्रात दोन मतं आहेत. एका मतानुसार बोरॉन-सोडियम निघून जातात, उरलेला सिलिकेचा सांगाडा जागच्या जागी पुन्हा जुळतो आणि जेल होतो. दुसऱ्या मतानुसार काच सीमेवर पूर्ण विरघळते आणि काही नॅनोमीटरच्या पाण्याच्या पदरातून सिलिका लगेच पुन्हा जमा होते. अणू-अणूच्या पातळीवर मोजमाप केलं तर काच आणि जेल यांच्यातली बोरॉनची सीमा काही नमुन्यांत अतिशय तीक्ष्ण दिसते. नुसत्या झिरपण्याने ती अशी राहिली नसती. बॉन विद्यापीठातल्या गटाने नमुना न वाळवता, गरम पाण्यात असतानाच रामन वर्णपटाने (विखुरलेल्या लेसर-प्रकाशावरून रेणू ओळखण्याची पद्धत) हा पाण्याचा पदर पाहिला.

वाळूघड्याळ

अभ्रक, हरकत रास्त आहे. समोरच्या बाजूचा एक पुरावाही इथे असू द्या. मार्कूलच्या गटाने सहा ऑक्साइडांची साधी, आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी ठरवलेली काच घेतली आणि आधीच सिलिकेने भरलेल्या ९० अंशांच्या पाण्यात जवळपास वर्षभर ठेवली. पाण्यातली सिलिका सिलिकॉन-२९ या समस्थानिकाने खुणावलेली होती. जेल जर पाण्यातून जमा झालं असतं तर त्यात सिलिकॉन-२९ भरलेला दिसायला हवा होता. जेलमधला सिलिकॉन मात्र काचेचाच निघाला, म्हणजे त्या परिस्थितीत सांगाडा जागेवरच राहिला.

मला स्वतःला वाटतं की दोन्ही गोष्टी घडतात. पाणी भुकेलं असताना दुसरी यंत्रणा, भरलेलं असताना पहिली. काच कोणती आणि पीएच किती यावर पारडं कुठे झुकतं ते ठरतं. हा वाद लाखो वर्षांच्या अंदाजासाठी महत्त्वाचा आहे, कारण प्रतिमानात झिरपण्याचं समीकरण घालायचं की विरघळण्याचं, हे त्यावरच ठरतं.

नीलिमा_व

मग भांडारात पाणी काचेपर्यंत पोहोचेल तेव्हा तापमान किती असेल? धाग्याचं नाव "गरम पाणी" आहे, पण प्रत्यक्षात ते गरम असणार का?

वाळूघड्याळ

पहिली काही शतकं काच स्वतःच्या उष्णतेने तापलेली असते. ही उष्णता मुख्यतः सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची. दोघांचं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास. तीनशे वर्षांत दहा अर्धायुष्यं होतात, म्हणजे ते हजारावा हिस्सा उरतात. म्हणून काचेच्या डब्याभोवती जाड पोलादाचं दुसरं आवरण घालायचं असतं. हा तापलेला काळ सरेपर्यंत पाण्याला बाहेर थोपवणं, हे त्याचं काम.

तापमानाचा परिणाम केवढा, ते पाहा. आर७टी७ साठी कमाल वेग २५ अंशांवरून ९० अंशांवर गेलं की दोनशे पटींहून जास्त वाढतो. ९० अंशांची चाचणी मुख्यतः आम्हाला निकाल आयुष्यात हाती यावा म्हणून आहे. भांडारात ९० अंशांचं पाणी काचेशी खेळेल म्हणून ती कोणी ठरवलेली नाही.

थंड पाण्यातली खरी किरणोत्सारी काच पाहायची असेल तर कॅनडातलं चॉक रिव्हर. तिथे १९५८ आणि १९६० साली नेफेलीन सायनाइट खडकापासून केलेल्या काचेचे, खरी विखंडन-द्रव्यं घातलेले गोळे भूजलाच्या पातळीखाली वाळूत उघडेच पुरले. ना डबा, ना मातीचा बांध. वाहत्या भूजलात पहिल्या काही वर्षांत वेग झपाट्याने उतरला आणि मग अतिशय कमी पातळीवर राहिला.

गुळगुळीत_दगड

किरणोत्साराने काच आतून मोडत नाही का? तुमच्या नकली काचेत तो परिणाम येणारच नाही.

वाळूघड्याळ

नाही येत, म्हणून तो वेगळा तपासतात. काचेत क्युरियम-२४४ घालतात. त्याचं अर्धायुष्य १८ वर्षं, त्यामुळे हजारो वर्षांचा अल्फा-मारा थोड्या वर्षांत पदरात पडतो. काच अर्ध्या टक्क्याच्या आसपास फुगते, कडकपणा घटतो, भेगा पसरायला उलट विरोध वाढतो, आणि पुढे हे बदल थांबतात. गरम पाण्यातला कमाल वेग या माऱ्याने फारसा बदललेला दिसत नाही. दीर्घकाळच्या, जेलखालच्या वेगावर अजून काम चालू आहे.

साक्षेपी

शेवटचं. उद्या कोणी आणखी एखादा आकडा घेऊन आला तर त्याला काय विचारायचं?

वाळूघड्याळ

काचेचा पृष्ठभाग आणि पाण्याचं आकारमान यांचं गुणोत्तर विचारा. चकतीच्या चाचणीत ते दर मीटरला १० च्या आसपास असतं, म्हणजे एक घनमीटर पाण्याला १० चौरस मीटर काच; चुऱ्याच्या चाचणीत २००० च्या आसपास. एकच काच पहिल्या भांड्यात धावताना दिसेल, दुसऱ्यात थबकलेली, कारण दुसऱ्यातलं पाणी काही तासांत भरून जातं. हे गुणोत्तर, दिवस, शेवटचा पीएच आणि झीज कोणत्या मूलद्रव्यावरून काढली, एवढं दिलेलं असेल तर आकडा इथे टाका, आपण मिळून सोडवू. सिझियम किंवा सिलिकॉनवरून काढलेली झीज बोरॉनवरून काढलेल्या झिजेशी मात्र जोडू नका. सिलिकॉन तर जेलमध्येच अडकून बसलेला असतो.